रंगाखालचा गंज

पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिलींतील संत्राबागांतून, कपाशीच्या शेतांतून आणि आठवडी बाजाराच्या गावांतून दिवसभर फिरणाऱ्या पिकअप गाड्यांकडे जो कोणी थोडे निरखून पाहील, त्याच्या एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. यांपैकी ज्या गाड्यांची दहा-बारा वर्षे उलटून गेली आहेत, त्यांचा रंग पुष्कळदा चार वर्षांच्या गाडीपेक्षाही ताजा असतो. याचे कारण उघड आहे. मालवाहू गाडीला आठ वर्षे झाली, की योग्यतेचा दाखला दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो. त्या तपासणीची तारीख जवळ आली, म्हणजे गाडी गॅरेजात जाते, दरवाज्याच्या खालच्या कडेला पडलेली भोके पुट्टीने बुजवली जातात, डाल्याच्या फाळक्यांवर रंगाचा हात फिरतो, आणि गाडी ‘पासिंग’ला उभी राहते. आत, रंगाखाली आणि पुट्टीखाली, लोखंडाचे मातीत रूपांतर होण्याची क्रिया पूर्वीइतक्याच, किंबहुना पूर्वीपेक्षा अधिक वेगाने चालू असते. हा गंज झाकण्याची आपली रीत सोडून तो उघडा पाडण्याची, कापून काढण्याची आणि जिथे तो गाभ्यापर्यंत पोचला असेल तिथे गाडीच सोडून देण्याची रीत आपण अंगीकारली पाहिजे, आणि सरकारी तपासणीनेही गाडीच्या दर्शनी अंगापेक्षा तिच्या पोटाकडे पाहिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गंज ही समुद्रकाठच्या लोकांची पीडा, सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना तिचे काय, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे, आणि तो वरवर पाहता खोटाही वाटत नाही. कारण समुद्र येथून शेकडो कोस दूर असून उन्हाळ्यातील येथील हवा इतकी कोरडी असते की उघड्यावर पडलेला नांगराचा फाळही वैशाखात फारसा बिघडत नाही. परंतु लोखंडाला गंजण्यासाठी समुद्राची आवश्यकता नसून पाणी आणि प्राणवायू यांच्या दीर्घ सहवासाची आवश्यकता असते. या दोहोंच्या सान्निध्यात लोखंडाच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह सुरू होऊन एका ठिकाणचे लोह विरघळू लागते, आणि त्या पाण्यात एखादा क्षार मिसळला असेल तर प्रवाहाचा मार्ग सुलभ होऊन हा क्षय अनेक पटींनी वाढतो. तांब्यावर किंवा ॲल्युमिनियमवर जो थर चढतो तो खालच्या धातूचे बऱ्याच अंशी रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो, मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, स्वतः फुगून वरचा रंग उचलतो, आणि ओल धरून ठेवून आपल्याच खालच्या लोखंडाचा घात करतो.

आता आपल्या गाड्या काय वाहतात याचा हिशेब मांडावा. ज्येष्ठ-आषाढात बागांसाठी आणि कपाशीसाठी खताची पोती येतात. त्यांतील युरिया हवेतील ओल शोषून पाझरतो, आणि पोटॅशच्या पोत्यात बहुधा जे पोटॅशियम क्लोराइड असते त्यातील क्लोराइड हा समुद्राच्या खाऱ्या हवेतल्या क्लोराइडहून तिळमात्र वेगळा नाही. फाटलेल्या पोत्यातून सांडलेली मूठभर खडी डाल्याच्या कोपऱ्यात चार महिने पडून राहिली, तर कोकणचा किनारा आपणच आपल्या गाडीत आणून ठेवल्यासारखे होते. नंतर आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून आणि मृग बहाराची संत्री फेब्रुवारीपासून निघू लागतात. ती खाली तणस अंथरून भरली जातात, तळची फळे चेंबतात, त्यांचा आंबट रस तणसात मुरतो, आणि ते ओले तणस डाल्याच्या पत्र्याला दिवसचे दिवस चिकटून राहते. त्यात आपली काळी कसदार जमीन: पाणी धरून ठेवण्याच्या ज्या गुणामुळे ती कपाशीला माउलीसारखी वाटते, त्याच गुणामुळे ती मडगार्डच्या आत थापली गेली, की पाऊस थांबल्यावरही आठवडाभर लोखंडाला ओलसर ठेवते.

या सर्वांपेक्षा घातक, आणि तरीही ज्याविषयी कोणी बोलत नाही असा एक पदार्थ आपल्या बागांतच आहे, तो म्हणजे बोर्डो मिश्रण. फ्रान्समधील बोर्डोच्या द्राक्षबागांत एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात सिद्ध झालेले हे मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण संत्र्याच्या डिंक्या रोगावर आजही आपला मोठा आधार आहे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी अशी पेस्ट करून खोडांना मीटरभर उंचीपर्यंत लावण्याचा प्रघात प्रत्येक बागाइतदाराला ठाऊक आहे. मिश्रण नीट साधले की नाही हे पाहण्याची जी जुनी परीक्षा आहे, तीतच प्रस्तुत विषयाचे मर्म सामावलेले आहे. स्वच्छ लोखंडी विळा किंवा सळई मिश्रणात बुडवून काढावी. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुना घालावा. तो तांबूस थर म्हणजे मोरचुदातील तांबे असते, आणि ते लोखंडावर येऊन बसते याचा अर्थ तेवढ्याच हिशेबाने विळ्याचे लोखंड विरघळून द्रावणात गेलेले असते. म्हणून तर मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये, प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात भिजवावे, असे कृषी खात्याचे लोक सांगत आले आहेत. जो शेतकरी ही काळजी ड्रमाच्या बाबतीत कटाक्षाने घेतो, तोच मोरचुदाची फुटकी पिशवी आणि गळका पिंप पिकअपच्या उघड्या पत्र्यावर ठेवून चार कोस नेतो. त्या पत्र्यावर तांब्याचे कण बसतात, आणि तांबे व लोखंड ओलीत एकत्र आले, की बळी लोखंडाचाच जातो. हा केवळ माहितीचा अभाव असून बादलीभर पाण्याने त्याचा बंदोबस्त होऊ शकतो. पण ते पाणी त्याच दिवशी ओतले गेले पाहिजे.

गंजाचा खरा मुक्काम मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या पत्र्यात नसतो. दरवाज्याच्या तळाला पाणी वाहून जाण्यासाठी जी बारीक छिद्रे कारखान्यातून ठेवलेली असतात ती मातीने आणि पाचोळ्याने बुजतात, आणि दरवाजा आतून पाण्याने भरलेला राहतो. डाला चेसिसवर जिथे टेकतो तिथल्या लाकडी किंवा रबरी पट्टीखाली, पाट्यांच्या स्प्रिंगा ज्या ब्रॅकेटांना टांगलेल्या असतात त्यांच्या सांध्यात, कॅबिनच्या पायांखाली, आणि ब्रेकच्या तेलाची नळी चेसिसला जिथे क्लिपने आवळलेली असते त्या बोटभर जागेत तो वर्षानुवर्षे निर्वेधपणे वाढत असतो. चेसिसच्या बंद पेटीसारख्या भागांत तर तो आतून बाहेर येतो. बाहेर पहिला फोड दिसतो तेव्हा आतील जाडी बरीचशी संपलेली असते. अनुभवी मिस्त्री अशा ठिकाणी हातोडीने टिचकी मारून पाहतो. निरोगी लोखंड खणखणते, आणि खाल्लेले लोखंड बद्द वाजते.

आपल्या पूर्वजांना लोखंडाचे रसायन ग्रंथांतून ठाऊक नव्हते, तथापि त्याचे रक्षण ठाऊक होते. जवसाचे तेल विदर्भातल्या आणि या सीमाभागातल्या घराघरांत होते. हवेत सुकून त्याचा चिवट पापुद्रा बनतो, आणि त्यात शिसाचा शेंदूर मिसळून केलेला लेप पोलादी पुलांवरचा पहिला हात म्हणून गेल्या शतकापर्यंत जगभर वापरला जात असे. शिसे विषारी असल्यामुळे तो लेप आता मागे पडला आणि जस्ताच्या फॉस्फेटचे प्रायमर त्याच्या जागी आले, हे उचितच झाले. सातपुड्याच्या रानातला हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करीत, तीत जी क्रिया घडते, तीच आज बाजारात मिळणाऱ्या काही गंजरोधक द्रावणांत घडते: टॅनिन आणि लोह यांचा संयोग होऊन तांबडा, भुसभुशीत गंज काळ्या स्थिर थरात पालटतो. मात्र हे द्रावण पातळ गंजावर गुणकारी आहे; ज्या पत्र्यातून बोट आरपार जाते त्यावर त्याचा उपयोग नाही, हे दुकानदाराने सांगितले नाही तरी गाडीमालकाने जाणले पाहिजे.

म्हणून दुरुस्तीचा प्रामाणिक मार्ग एकच उरतो, आणि तो खर्चिक आहे. जिथे पत्रा सडला आहे तिथे चकचकीत लोखंड लागेपर्यंत तो ग्राइंडरने कापून काढावा, तेवढ्याच मापाचा आणि जाडीचा नवा तुकडा कडेला कड भिडवून जोडावा, वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडावी, टाका घासून लगेच प्रायमर द्यावा, आणि आतल्या पोकळीत तेल किंवा मेण फवारावे. सडक्या पत्र्यावर नवा पत्रा ठेवून कडेने टाके मारणे हे कितीही मजबूत दिसले तरी दोन पत्र्यांच्या मध्ये पाण्याला कायमचे घर करून देणे आहे. चेसिसच्या पट्टीवर तर वाटेल तिथे टाका मारूच नये. त्या उष्णतेने पोलादाचा गुण बदलतो, आणि पुढे भाराखाली तडा बहुधा त्या टाक्याच्या शेजारीच जातो. आमच्या भागातील मिस्त्री हे सर्व जाणतात. अनेकांनी नागपूरच्या गॅरेजांत उमेदवारी करून आपली विद्या मिळवली आहे. पण गिऱ्हाईक त्यांना जे दिसते त्याचाच मोबदला देते. आतल्या पोकळीत फवारलेले मेण कोणाच्या दृष्टीस पडत नाही, म्हणून त्याची मजुरी मागताना मिस्त्रीला संकोच होतो आणि देताना मालकाला ती उधळपट्टी वाटते. संत्र्याचा भाव पडलेल्या वर्षी मालकाची ही वृत्ती मला समजू शकते. तिचे समर्थन मात्र मी करू शकत नाही, आणि त्याचे कारण पुढे आहे.

पिकअप ही केवळ मालाची गाडी राहिलेली नाही. कायद्याने मालवाहू वाहनाच्या डाल्यात उतारू नेण्यास मनाई आहे, तरीही कापूस वेचायला निघालेल्या बाया, वरातीतली मंडळी, जामसावळीच्या मारुतीच्या दर्शनाला जाणारी कुटुंबे याच डाल्यात उभी असतात, हे आपण सर्वजण रोज पाहतो. ब्रेकची गंजलेली नळी घाटाच्या उतारावर फुटली, किंवा स्प्रिंगेचे ब्रॅकेट वळणावर चेसिसपासून सुटले, तर त्याची किंमत ज्याने पुट्टी भरण्याचा निर्णय घेतला तो एकटा मोजत नाही. पुणे जिल्ह्यात इंद्रायणी नदीवर कुंडमळा येथे १५ जून २०२५ रोजी जुना लोखंडी पूल माणसांसह कोसळला आणि चौघांचे प्राण गेले. तो पूल जीर्ण झाल्याचे स्थानिकांना ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही त्यावरची रहदारी थांबली नव्हती. जीर्ण लोखंडावरचा हाच दैवाधीन भरवसा आपण आपल्या गाड्यांवरही ठेवीत आहोत.

सरकारदरबारी जुन्या वाहनांचा विचार होतो तो मुख्यतः वर्षांच्या हिशेबाने होतो. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर जे निर्बंध आले त्यांच्या मुळाशी तेथील विषारी हवा होती, आणि तो प्रश्न निराळा आहे. परंतु वय हेच दोषाचे प्रमाण मानण्याची सवय तिथून सर्वत्र पसरली. ज्याने दर पावसाळ्यानंतर गाडी खालून धुतली, छिद्रे मोकळी केली, पोकळीत तेल सोडले, त्याची पंधरा वर्षांची गाडी ही खतमातीत लोळवलेल्या सात वर्षांच्या गाडीपेक्षा निश्चित सुरक्षित असते. तपासणी करणाऱ्याने गाडी खंदकावर किंवा लिफ्टवर घेऊन, हातोडी आणि टोकदार सळई हाती घेऊन, वर सांगितलेल्या पाच-सहा जागा तपासाव्यात, आणि त्यांचा निकाल दाखल्यावर स्वतंत्रपणे नोंदवावा. धूर मोजणारी आणि ब्रेकचा जोर मोजणारी यंत्रे हवीतच, पण आज उत्तम लागणारा ब्रेक उद्या फुटणाऱ्या नळीची खबर देत नाही. पांढुर्णा ऑक्टोबर २०२३ पासून स्वतंत्र जिल्हा झाला आहे. पूर्वी ज्या कामांसाठी छिंदवाड्याचे खेटे घालावे लागत त्यांची दफ्तरे आता येथे उभी राहत आहेत, आणि नव्या दफ्तराला नवी रीत घालून देणे जुन्या दफ्तराची रीत मोडण्यापेक्षा सोपे असते. दाखल्याच्या मुदतीशी संबंध न ठेवता, दंडाचे भय न घालता, दसऱ्याच्या आधी आठवडाभर गाड्या खालून तपासून देण्याची तजवीज प्रशासनाने केली, तर ती फार खर्चाची होणार नाही.

दसराच का, तर त्या सुमारास पाऊस सरलेला असतो, आंबियाची तोडणी तोंडावर आलेली असते, आणि गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून तिची पूजा करण्याचा आपला प्रघात आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला कोमट पाण्याने शेकून तूप-हळद चोळतात. शिंगांना रंग आणि अंगावर झूल दुसऱ्या दिवशी चढते, आधी खांदा पाहिला जातो. गाडीच्या बाबतीत आपण हा क्रम उलटा केला आहे.

आता ज्या गाडीची चेसिस खरोखरच खाल्ली गेली आहे तिच्याविषयी. अशी गाडी कोणा गरजूला स्वस्तात विकू नये. विकत घेणारा बहुधा आपल्यापेक्षा गरीब असतो आणि ती दुरुस्त करण्याची ऐपत त्याला आपल्यापेक्षा कमी असते. नोंदणीकृत भंगार केंद्रात गाडी दिली, की तिचे जमा प्रमाणपत्र मिळते, आणि त्या आधारावर नव्या मालवाहू गाडीच्या मोटार वाहन करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. खाजगी गाडीला हीच सवलत २५ टक्क्यांपर्यंत आहे. ज्या पिकअपवर एका कुटुंबाचा प्रपंच चालतो तिला खाजगी मोटारीपेक्षा कमी सवलत का असावी, हे मला पटत नाही. निदान पाच-दहा एकरांच्या बागाइतदाराच्या एकुलत्या एका गाडीसाठी तरी हे प्रमाण उलटे करावे, आणि भंगार केंद्र जिल्ह्याबाहेर दूर असेल तर गाडी तिथवर ओढून नेण्याचा खर्च तिच्या किमतीतून कापू नये, अशी मागणी येथील लोकप्रतिनिधींनी भोपाळला आणि दिल्लीला केली पाहिजे.