लस ‘निम्मीच’ चालते, म्हणून ती नको?

रोटाव्हायरसची लस शंभर टक्के संरक्षण देत नाही. हे मी आधीच मान्य करतो, कारण पडेगाव-मिटमिटा भागात बाळाला लस न देण्याचे कारण म्हणून हल्ली हेच ऐकू येते. “डॉक्टर, ती निम्मीच चालते म्हणे. मग कशाला?” या ‘कशाला’चे उत्तर आज देतो.

आधी आजार समजून घेऊ. रोटाव्हायरस लहान आतड्याच्या अस्तरातील पेशी मारतो. ताप येतो, उलट्या होतात आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. सहा-सात किलोच्या बाळाच्या शरीरात पाण्याचा साठा तो किती असणार? काही तासांत डोळे खोल जातात, लघवी कमी होते. हा विषाणू आहे, त्यामुळे अँटिबायोटिकचा त्याच्यावर काडीचाही उपयोग नाही. लस येण्यापूर्वी भारतात पाच वर्षांखालील सुमारे 78 हजार मुले दरवर्षी याच आजाराने दगावत, असा अंदाज होता. जुलाबासाठी रुग्णालयात भरती झालेल्या बालकांपैकी साधारण 40 टक्क्यांत हाच विषाणू सापडत असे.

तरीही घरात काय म्हटले जाते? “दात येताहेत, जुलाब व्हायचेच.” नाही. दातांमुळे बाळ कोरडे पडत नाही. दात येण्याचे वय आणि रोटाव्हायरस गाठण्याचे वय एकच असते, एवढाच त्यांचा संबंध.

दुसरा युक्तिवाद सुशिक्षितांचा असतो. “आधी शुद्ध पाणी द्या, लस कसली देता?” आपल्या शहरात जायकवाडीचे पाणी नळाला किती दिवसांनी येते आणि ते ड्रममध्ये किती दिवस साठवावे लागते, हे मी तुम्हाला सांगायला नको. शुद्ध आणि नियमित पाणी हा आपला हक्कच आहे. त्यासाठी भांडा, मी तुमच्या बरोबर आहे. पण पाण्याने रोटाव्हायरस थांबला असता तर अमेरिकेत तो नसता. तिथे नळ उघडला की पिण्यायोग्य पाणी मिळते. तरीही 2006 मध्ये लसीकरण सुरू होण्यापूर्वी जवळजवळ प्रत्येक मुलाला पाच वर्षांच्या आत हा संसर्ग होई, आणि दरवर्षी 55 ते 70 हजार मुले रुग्णालयात भरती होत. कारण हा विषाणू हात, खेळणी, दुपटी यांवरून पसरतो आणि संसर्गाला त्याचे अगदी थोडे कण पुरतात. पाणी की लस, असा प्रश्न विचारणारा माणूस बाळाचे दोनपैकी एक संरक्षण काढून घेत असतो.

आता त्या ‘निम्म्या’कडे येऊ. दिल्लीच्या एम्समध्ये 1980 च्या दशकात डॉ. महाराज किशन भान यांच्या गटाला नवजात बाळांमध्ये रोटाव्हायरसचा एक सौम्य प्रकार सापडला. त्यापासून हैदराबादच्या भारत बायोटेकने रोटाव्हॅक ही लस तयार केली. तिची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळचे वढू या ठिकाणी सुमारे 6,800 बाळांवर झाली. पहिल्या वर्षात गंभीर आजारापासूनचे संरक्षण साधारण 56 टक्के आढळले. म्हणजे लसीशिवाय ज्या 100 बाळांना गंभीर आजार झाला असता, त्यांतल्या 56 जणांना तो होत नाही. हे 56 तुम्हाला कमी वाटतात? ते आकडे नाहीत, कोणाची तरी लेकरे आहेत. हेल्मेट घालूनही माणसे दगावतात म्हणून आपण हेल्मेट फेकून देत नाही.

श्रीमंत देशांत अशाच लसींचे संरक्षण 85 टक्क्यांच्या पुढे जाते. आपल्याकडे ते कमी का? आईकडून मिळालेली प्रतिपिंडे, आतड्यात आधीच असलेले इतर जंतू, कुपोषण अशी कारणे सांगितली जातात. पण जिथे आजार जास्त, तिथे कमी टक्केवारीची लसही जास्त जीव वाचवते, हे गणित विसरू नका.

सुरक्षिततेची शंका रास्त आहे. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरण्याच्या दुर्मिळ धोक्यामुळे अमेरिकेने 1999 मध्ये रोटाव्हायरसची पहिली लस मागे घेतली. म्हणूनच पुढच्या लसी त्या धोक्यासाठी बारकाईने तपासल्या गेल्या. रोटाव्हॅकमुळे तो वाढल्याचे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील अभ्यासात आढळले नाही. तरीही बाळ थांबून थांबून कळवळून रडत असेल, सारख्या उलट्या होत असतील किंवा शीतून रक्त पडत असेल, तर लस दिलेली असो वा नसो, ताबडतोब रुग्णालय गाठा.

माझे भांडण फक्त पालकांशी नाही. ‘निम्मी’ लस नको असेल, तर अधिक चांगल्या लसीची मागणी आपण का करत नाही? नोरोव्हायरस हा उलट्या-जुलाबाचा दुसरा मोठा विषाणू. 1968 मध्ये अमेरिकेतील नॉरवॉक गावच्या शाळेत त्याची साथ आली होती. आजही त्यावर बाजारात लस नाही. त्याचे प्रकार अनेक आहेत आणि तो प्रयोगशाळेत वाढवणेच अवघड होते; मानवी आतड्याच्या पेशींपासून बनवलेल्या सूक्ष्म नमुन्यांत तो वाढवणे 2016 मध्ये जमले. परदेशात 2024 मध्ये एका लसीची मोठी चाचणी सुरू झाली, पण ती प्रौढांवर, त्यातही ज्येष्ठांवर भर देऊन. आपल्या बाळांच्या आतड्यात ती किती चालेल, हे आपल्याच बाळांमध्ये तपासावे लागेल. रोटाव्हायरसने हा धडा दिला आहे. पुण्यात राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आहे, रोटासिल ही लस बनवणारी सीरम इन्स्टिट्यूटही आहे. मग परदेशी लस येण्याची वाट का पाहायची? आपल्या करातला पैसा या संशोधनाला मिळावा, असे कोणत्याही उमेदवाराला आजवर कोणी विचारले आहे का?

तोवर हातात आहे ते वापरा. रोटाव्हायरसची लस महाराष्ट्रात 2019 पासून सरकारी लसीकरणात मोफत मिळते. तोंडावाटे तीन डोस: दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. जुलाब लागलेच तर जलसंजीवनी, अंगावरचे दूध चालूच, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने 14 दिवस झिंक. बाळाचे लसीकरण कार्ड आज काढून पाहा. तीन खुणा दिसत नसतील आणि बाळ लहान असेल, तर येत्या लसीकरणाच्या दिवशी आशाताईंना विचारा. पहिला डोस एक वर्षाच्या आत सुरू व्हावा लागतो; त्यानंतर ही संधी परत येत नाही.