गावभर फिरणारा लाकडी बैल

नाताळच्या सुट्टीत चोरखमाऱ्याच्या फाटकाशी पहाटेपासून गाड्या उभ्या राहतात. नागझिरा अभयारण्यात शिरण्याच्या वाटांपैकी ही एक. तिरोडा तालुक्यातले हे गाव एरवी आपला तलाव आणि धानाच्या बांध्या यांच्या सोबतीने निवांत असते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मात्र दूरदूरची कुटुंबे वाघ बघायला येतात. त्यांच्यातल्या एखाद्या लेकराच्या डोक्यावर पांढऱ्या गोंड्याची लाल टोपी असते. गावातली पोरे थंडीत हात काखेत घालून ती टोपी न्याहाळत राहतात. वाघाचे त्यांना फारसे अप्रूप नाही, टोपीचे आहे.

सण आला, हातात पैसा नाही, लेकराला काय द्यायचे? वसईच्या मजूर बाईला हा प्रश्न नाताळात पडतो, गोंदियाच्या बिडी वळणाऱ्या बाईला दिवाळीत पडतो. दुकानदाराकडे त्याची उत्तरे तयार असतात. पण आपल्या पूर्व विदर्भात याचे एक जुने उत्तर आहे आणि ते आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की आपण त्याकडे उत्तर म्हणून कधी पाहतच नाही. ते म्हणजे तान्हा पोळा.

नागपूरच्या भोसले घराण्यातील दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ साली तो सुरू केला, असे सांगतात. मोठ्यांचा पोळा श्रावणातल्या अमावस्येला, खऱ्या बैलांचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा, चाकांवरच्या लाकडी बैलांचा. तो येतो कधी, हे आधी लक्षात घ्या. नाताळाच्या वेळी निदान धान कापून, चुरून झालेले असते. मोबदला उशिरा का होईना, येणार असतो. पोळ्याला तसे काही नसते. उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्त्याचे चार पैसे मिळालेले असतात, ते बी-बियाण्यात आणि शाळा उघडताना वह्यांत जातात. रोवणी संपलेली असते, म्हणजे बायकांची मजुरीही थांबलेली असते. धान उभे असते, पण पोटरीलाही आलेले नसते. वर्षातले सर्वांत कडकीचे म्हणावे असे हे दिवस, आणि नेमका तेव्हाच घरातल्या सर्वांत लहान माणसाचा सण!

आणि तरीही तो साजरा होतो, कारण त्याची बांधणीच तशी आहे. लाकडी बैल गावच्या सुताराकडून एकदाच घ्यायचा. थोरला त्याला ओढतो, मग मधली, मग धाकटा. पुढे तो चुलतभावाकडेही जातो. दरवर्षी फक्त शृंगार नवा: बेगडाचे दोन तुकडे, घरातल्या जुन्या लुगड्याच्या काठाची झूल, एखादे घुंगरू. सकाळभर लेकरू त्यात गुंतलेले असते. संध्याकाळी सगळे बैल मारुतीच्या देवळापुढे तोरणाखाली उभे राहतात, पूजा होते, आणि मग दोरी हातात धरून लेकरे घरोघर निघतात. प्रत्येक दारात बाई बाहेर येते, बैलाला आणि बैलाच्या धन्याला कुंकू लावते, ओवाळते, आणि हातावर बोजारा ठेवते. पूर्वी तो पाच-दहा पैशांचा असे, आता पाच-दहा रुपयांचा. म्हणजे एका लेकराच्या सणाचा खर्च एकट्या बापावर पडत नाही. तो चिल्लर होऊन गावभर वाटला जातो. शिवाय वर्षभर ज्याला ‘बाजूला हो रे’ म्हटले जाते, त्याच्यासाठी त्या संध्याकाळी मोठी माणसे दार उघडून बाहेर येतात.

माझ्या लहानपणी आमच्या आळीत एका भूमिहीन घरातला मुलगा मातीचा बैल घेऊन यायचा. ज्यांच्या दारी बैल नाहीत ते मातीचे बैल करून पूजतात, ही रीत आहेच. पण मातीच्या बैलाला चाके कुठली? तो बैल पाटावर ठेवून, पाट दोन्ही हातांनी छातीशी धरून तो चालायचा. आम्ही हसायचो. आमची आजी त्याच्या बैलाला ओवाळताना मात्र जरा जास्त वेळ लावी आणि बोजारा सर्वांइतकाच देई, एक पैसाही जास्त नाही. जास्त का देत नाही, असे मी विचारले, तेव्हा ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. फार वर्षांनी मला ते कळले. (त्या काळी गावातली सगळी दारे सगळ्या लेकरांसाठी सारखी उघडत होती, असे मात्र मी म्हणणार नाही. काही लेकरांना काही आळ्या वगळून जावे लागे, आणि ते त्यांना कुणी सांगावेही लागत नसे.)

आता नाताळाकडे बघा. इटलीतल्या ग्रेचो गावी १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी ख्रिस्तजन्माचा देखावा पहिल्यांदा मांडला, तेव्हा त्यांनी काय मागवले? गव्हाण, थोडे गवत, एक बैल आणि एक गाढव. आपल्याकडे वसईत आणि गोव्यात घरोघर गोठा मांडतात, त्याचे मूळ हेच. पेंढा, माती, कागद, काड्या यांतून लेकरे गोठा उभा करतात, आणि त्यातही बैल असतोच! फराळाची ताटे शेजारी जातात, गाणी म्हणणारी मंडळी दारोदार फिरतात. दुकानातला सांताक्लॉज यात फार उशिरा आला. त्याच्या पोतडीत काय आहे याची चिंता करणाऱ्या आईबापांनी आधी गोठ्यासाठी चिखल कालवायला पोरांना बसवून पाहावे.

कुणी म्हणेल, हे लिहायला सोपे आहे. खरे आहे. लेकरू शेजारच्या घरातली वस्तू बघते, रडते, आणि ते रडणे बापाला सहन होत नाही. मग बचत गटातून किंवा आठवड्याच्या हप्त्याने कर्ज निघते. कपडे दोन महिन्यांत आखूड होतात आणि हप्ता वर्षभर चालतो. तान्हा पोळाही यातून सुटलेला नाही. शहरांतून आता त्याच्या स्पर्धा होतात, हजारो रुपयांचे नंदी येतात, भाड्याने पोशाख आणून लेकरांना राजे-महाराजे केले जाते, आणि बक्षीस बहुधा ज्याचा नंदी उंच त्याला. पाट धरून येणाऱ्या पोराने त्या मंडपात उभे तरी कुठे राहायचे? उत्साही मंडळांचा हेतू वाईट नसतो. पण सर्वांत स्वस्त असलेला सण आपण हौसेने महाग करून ठेवत आहोत, आणि तोही भादव्याच्या तोंडावर, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे. बक्षीस द्यायचेच असेल तर सर्वांत जुन्या बैलाला द्या. तीन पिढ्यांनी ओढलेला एखादा तरी प्रत्येक गावात निघेल.

आणि घरात? लेकराला खोटे सांगू नये. पाच-सहा वर्षांच्या पोराला ‘यंदा शंभर रुपये आहेत, त्यात काय काय करू या?’ असे विचारले तर ते आपल्यापेक्षा बरा हिशेब मांडते. त्यातले वीस रुपये त्याच्या हातात द्यावेत, बाजारात त्याला सोबत न्यावे, आणि ते बेगडाचा रंग निवडायला अर्धा तास लावेल तेव्हा आपण घाई करू नये.

चोरखमाऱ्याच्या आसपासच्या शेतांत आता बैलांपेक्षा ट्रॅक्टरचा आवाज जास्त. ज्या घरांत खरी बैलजोडी राहिली नाही, त्या घरांतही माळ्यावर लाकडी बैल असतो. धूळ बसलेला, एक शिंग मोडके, मागचे चाक जरा सैल. अमावस्येच्या आधी दोन दिवस तो खाली उतरतो, आणि चाकासाठी खिळा शोधत एखादे पोर घरभर फिरत राहते.