सूचक, द्योतक आणि व्यंजक

वर्तमानपत्रांत हल्लीं ‘सूचक’ या एका विशेषणावर फार मोठा भार पडलेला दिसतो. पुढाऱ्याचें मौन सूचक, त्याचें हास्य सूचक आणि त्याचें वक्तव्यहि सूचकच! उघड न सांगितलेली गोष्ट जें जें कळवितें, त्या सर्वांस हें एकच विशेषण लावून मोकळें व्हावें, असा प्रघात पडला आहे. वस्तुतः आपल्या भाषेजवळ या कामीं अनेक शब्द आहेत, आणि ते एकमेकांचे पर्याय नव्हेत. अर्थ कोठें दडलेला आहे व तो कोणत्या रीतीनें बाहेर येतो, हें त्यांतील प्रत्येक शब्द निराळें सांगतो.

प्रथम ‘सूचक’च घेऊं. सूच् म्हणजे दाखवून देणें. सुईला संस्कृतांत ‘सूचि’ म्हणतात, तीहि याच कुळांतली. सभेंत ठराव मांडणारा तो सूचक. संस्कृतांत चहाडखोरालाहि सूचक म्हटलें आहे. सूचकाच्या मागें कोणाचा तरी हेतु असतो. तो बोट दाखवितो. पाहण्याचें काम आपलें.

‘द्योतक’ शब्दाच्या मुळाशीं द्युत्, म्हणजे प्रकाशणें, हा धातु आहे. दिवा वस्तु निर्माण करीत नाहीं. अंधारांत असलेली दाखवितो, आणि त्याला स्वतःचा हेतु नसतो. पत्रांतील थरथरलेलें अक्षर वार्धक्याचें द्योतक होय, सूचक नव्हे. उपसर्ग हे वाचक नसून द्योतक आहेत, धातूंतला अर्थच ते उजळितात, असा वैयाकरणांचा पक्ष आहे. या प्रश्नावरील शाकटायन व गार्ग्य यांचा मतभेद यास्कानें निरुक्तांत नोंदविला आहे. ‘नी’ हा धातु एकच. परंतु प्रणय, विनय, अनुनय, परिणय, अभिनय अशीं त्याचीं केवढीं निराळीं रूपें उजेडांत आलीं!

तिसरा शब्द ‘ज्ञापक’. पाणिनीच्या सूत्रांत एखादें पद निष्कारण आलेलें वाटलें, तर तें व्यर्थ नसून न सांगितलेल्या एखाद्या नियमाची खूण आहे, असें टीकाकार मानतात. त्या खुणेला ज्ञापक म्हणतात. घरांत माणसें आठ असून पानें नऊ मांडलेलीं दिसलीं, कीं पाहुणा येणार हें मुलांनाहि कळतें. तें नववें पान ज्ञापक होय.

‘व्यंजक’ हा या सर्वांत सूक्ष्म. डोळ्यांत घालावयाचें अंजन ज्या धातूचें, त्याच धातूचा हा शब्द. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलें म्हणजे पुरलेलें धन दिसतें, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. तिचें खरेंखोटें कांहींहि असो; व्यंजक शब्दाचें काम मात्र तसेंच असतें. व्यंजनेनें प्रकट होणारा ध्वनि हाच काव्याचा आत्मा, असें काश्मीरांत ९ व्या शतकांत आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोकां’त प्रतिपादिलें. पुढें ११ व्या शतकांत मम्मटानें ‘काव्यप्रकाशां’त हा व्यंग्यार्थ कशाकशावर अवलंबून असतो तें मोजून सांगितलें. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, स्वर कसा, प्रसंग कोणता, स्थळ व काळ कोणता, इत्यादि गोष्टी त्यांत येतात. स्वराच्या या फेरासच ‘काकु’ म्हणतात.

ही यादी केवळ काव्याकरितां आहे असें कोणीं समजूं नये. एकत्र कुटुंबांत तिची गरज रोज पडते. दुपारच्या पंक्तीनंतर धाकटी सून म्हणते, “आज भात सगळा संपला.” वाच्यार्थ एवढाच कीं, पातेलें रिकामें झालें. सासूबाईंना त्यांत ‘मला उरला नाहीं’ ही तक्रार ऐकूं येते. थोरल्या जाऊबाईंना ‘तुम्हीं कमी टाकला’ हा ठपका. आणि मामंजींना उत्तम स्वयंपाकाचें प्रशस्तिपत्र! शब्द एक, अर्थ तीन; तिच्या मनांतला कदाचित् चौथाच, किंवा यांपैकीं एकहि नाहीं. तरी संध्याकाळपर्यंत घरांत निकाल लागतो कीं, सून ‘खोचक’ बोलली. सुई टोंचली हें खरें. परंतु ती बोलणारीनें टोंचली कीं ऐकणारीच्याच हातांत होती, हें कोणी पाहिलें?

मोबाइलवरील लेखी निरोपांनीं ही अडचण वाढविली आहे. तेथें अक्षरें पोंचतात, काकु पोंचत नाहीं. मुलानें परगांवाहून नुसतें ‘बरं’ एवढें लिहिलें, तर त्यांत होकारहि मावतो, कंटाळाहि मावतो आणि रागहि मावतो. वाचणारा आपल्याच मनांतला स्वर त्यास लावितो आणि रात्रभर तळमळतो.

म्हणून विशेषण लावण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. बोलणाऱ्यानें मुद्दाम बोट दाखविलें असेल, तर सूचक म्हणावें. नकळत मनःस्थिति दिसून आली असेल, तर द्योतक. नित्याहून वेगळें कांहीं निष्कारण घडल्यासारखें वाटलें, तर ज्ञापक. ‘खोचक’ हें विशेषण सर्वांत शेवटीं हातीं घ्यावें. आणि अन्वय लागतच नसेल, तर टीकाकारांपेक्षां एक मोठी सोय आपल्याला आहे. पाणिनीला विचारावयास आतां जातां येत नाहीं. सून मात्र स्वयंपाकघरांतच असते. “सूनबाई, तूं जेवलीस ना?” एवढें विचारल्यानें पुष्कळ गूढ अर्थ उलगडतात.