लाल रंगाच्या खाली काय आहे?

मंडळी, आजचा विषय गॅरेजमधला आहे. पण तो शेवटी आपल्या एसटीपर्यंत जातो, म्हणून पूर्ण वाचा.

माझ्याकडे जुनी मारुती ८०० होती. काही वर्षांपूर्वी तिला पुन्हा उभी करायचं डोक्यात घेतलं. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजला होता. गॅरेजवाल्याने (नाव कशाला घ्यायचं) तारेचा ब्रश फिरवला, खालून काळा डांबरी कोट मारला आणि म्हणाला, "भाऊ, आता दहा वर्षं पाहायचं काम नाही." दुसऱ्या पावसाळ्यात पायमॅट उचललं तर भोकातून खालचा रस्ता दिसला. कोट जागेवरच होता, चामड्यासारखा लोंबत. पत्राच उरला नव्हता.

नंतर एका म्हाताऱ्या डेंटरने समजावलं. गंजावर कोट मारला की पाणी आत कोंडतं, आणि गंज बाहेर दिसतही नाही. आधी पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा, सडलेला भाग कापून नवा जोडायचा. हलका, घट्ट बसलेला गंज राहिलाच तर फॉस्फोरिक ॲसिडवालं औषध चालतं. पापुद्रे सुटले असतील तर ते पैसे पाण्यात. मग कोरड्या पत्र्यावर इपॉक्सी किंवा झिंकचं प्रायमर, सांध्यांवर सीलंट आणि सगळ्यात शेवटी काळा कोट. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी घाईघाईत रेड ऑक्साइडचा एक हात मारतात आणि थेट रंग. रेड ऑक्साइड वाईट नाही, पण त्या एका पातळ हाताच्या भरवशावर आपला पावसाळा निघत नाही.

खरी गोम वेल्डिंगमध्ये आहे. वेल्डिंग केलं की त्या जागेचं जुनं प्रायमर, जस्ताचा थर, सगळं जळतं. बाहेरून ते परत मारता येतं. पोकळ पाइपच्या आत कोण मारणार? कंपनीत नव्या कारची अख्खी बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवतात, म्हणून आतपर्यंत थर बसतो. दुरुस्तीच्या शेडमध्ये ती सोय नसते. तिथे पाइपच्या आत नळीने मेणासारखं द्रव्य फवारावं लागतं आणि पाणी निघायला खाली भोकं मोकळी ठेवावी लागतात. भोकं मोकळी ठेवायला एक रुपयाही लागत नाही, तरी तीच आधी रंगाने बुजतात.

आता एसटी. महामंडळाने जुन्या ॲल्युमिनियम बॉडीच्या गाड्यांची चेसिस ठेवून त्यावर एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलची बॉडी बांधायचं काम दापोडी, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरच्या मध्यवर्ती कार्यशाळांत केलं. निर्णय माझ्या मते बरोबरच. अपघातात ॲल्युमिनियमचा पत्रा फाटतो, स्टीलचा सांगाडा जास्त तग धरतो. पण स्टील सोबत गंज घेऊन येतं, आणि तो हिशेब कोणी जाहीरपणे मांडत नाही. नवी बॉडी आली की फोटो निघतात, रंगाचं कौतुक होतं. रंगाखाली कोणतं प्रायमर आहे, हे विचारताना मी कोणाला ऐकलं नाही.

आपल्या गोरेगाव तालुक्यात रोवणीच्या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्या पाण्याने भरलेल्या असतात. ओला चिखल चाकाच्या कमानीत, पायरीखाली जाऊन बसतो आणि तिथेच दिवसेंदिवस ओला राहतो. गंजाला आणखी काय पाहिजे? त्याच पायरीवर पाय ठेवून शाळेच्या पोरी चढतात. मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. चांगलंच झालं, पण म्हातारी माणसं पायरीवर सगळा भार टाकून, दांडा धरून चढतात. जुलै २०२३ मध्ये गडचिरोलीतल्या एसटीचं अर्धवट सुटलेलं छप्पर हवेत फडफडताना अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. तिथे कारण गंजच होतं असं मी म्हणत नाही. पण बॉडीकडे आपलं लक्ष छप्पर उडाल्यावरच जातं, हे त्या दिवशी दिसलं.

उगाच आगारातल्या मेकॅनिकवर चिडू नका. पत्रा घासायला किती तास मिळाले, कोणतं प्रायमर खरेदी झालं, हे तो ठरवत नाही. माझं म्हणणं एवढंच की बॉडी बांधल्याची तारीख आणि गंजरोधक कामाची नोंद गाडीच्या आत, ड्रायव्हरच्या मागच्या पत्र्यावर लिहा. आणि दरवर्षी पावसाळा संपल्यावर गाडी खड्ड्यावर घेऊन खालची बाजू धुऊन, ठोकून बघा. गंजलेला पत्रा हातोडीला लगेच सांगतो.

मी या आठवड्यात माहिती अधिकारात अर्ज टाकतोय: एमएस बॉडीला कोणतं प्रायमर, किती थर, आणि खालच्या बाजूची शेवटची तपासणी कधी. दहा रुपयांचा अर्ज आहे, तुम्हीही टाकू शकता. उत्तर आलं की इथेच जसंच्या तसं टाकेन. तोपर्यंत कोणत्याही प्रवासी गाडीची, एसटी असो की शाळेची व्हॅन, पायरी सडलेली दिसली तर गाडी नंबर आणि तारखेसह फोटो कमेंटमध्ये टाका. ड्रायव्हर-कंडक्टरचा चेहरा फोटोत घेऊ नका.