डिस्क आहे, पण दिसत नाही!

बालदोस्तांनो, मागच्या वेळी आपण पेनड्राइव्हच्या पोटात शिरलो होतो. आज एका फजितीची गोष्ट सांगते. फजिती माझीच आहे, तेव्हा खुशाल हसा.

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेचं लोखंडी कपाट आवरताना चौथीच्या मुलांना वरच्या कप्प्यात एक खोकं सापडलं. "बाई, दुर्बीण!" एकच गलका झाला. दुर्बीण कसली, तो होता कॉम्प्युटरला जोडायचा सूक्ष्मदर्शक. सोबत एक सीडी. खोक्यावर लिहिलेलं : विंडोज ९८ आणि विंडोज एक्सपीसाठी. झालं! त्या दिवसापासून वर्गात एकच भुणभुण, "बाई, मुंगीचा पाय कधी दाखवणार?"

शाळेतला जुना कॉम्प्युटर केव्हाच बंद पडलेला. मग एका मुलाने घरचा लॅपटॉप आणला. २०१० सालचा, त्यात विंडोज ७. सूक्ष्मदर्शक जोडला, तर पडद्यावर पिवळं उद्गारचिन्ह. विंडोज ७ला हे यंत्र ओळखता येईना. शाळेने पूर्वी विकत घेतलेली एक्सपीची सीडी माझ्याकडे होती. म्हटलं, डी ड्राइव्हवर जागा आहे, तिथे एक्सपी टाकू. अर्ध्या तासाचं तर काम!

सीडी घातली. निळा पडदा आला, खाली अक्षरं पळाली आणि निरोप आला : या कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्कच सापडली नाही.

आता आली का पंचाईत? डिस्क तर आत होती. दहा मिनिटांपूर्वी त्याच डिस्कवरून विंडोज ७ सुरू झालं होतं.

मित्रांनो, कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागाची बोली वेगळी असते. ती समजायला विंडोजला दुभाषा लागतो. त्या दुभाष्याला म्हणतात ड्रायव्हर. एक्सपी बाजारात आलं २००१ साली. तेव्हाच्या डिस्कला चपटी रुंद पट्टी जोडलेली असे आणि तिची बोली होती आयडीई. पुढे अरुंद वायरीच्या साटा डिस्क आल्या आणि २००४ साली त्यांच्यासाठी नवी बोली ठरली, एएचसीआय. या बोलीत डिस्क जरा हुशारीने वागते. पोस्टमनकाका पत्रं हातात आली त्या क्रमाने वाटत सुटतात का? नाही, आधी गल्लीप्रमाणे लावून घेतात. तशीच ही डिस्क आलेली कामं सोयीच्या क्रमाने लावून घेते. पण जी बोली २००४ साली ठरली, तिचा दुभाषा २००१च्या सीडीत असणार कुठून? एक्सपीच्या दृष्टीने तिथे डिस्कच नाही!

यावर सीडीनेच एक तोड दिलेली असते. सुरुवातीला काही सेकंद पडद्याच्या तळाशी लिहून येतं की वेगळा ड्रायव्हर द्यायचा असेल तर एफ६ दाबा. मी दाबलं. तर म्हणे, ड्रायव्हरची फ्लॉपी घाला! फ्लॉपी म्हणजे १.४४ एमबीची ती चौकोनी चकती. तुमच्या आईबाबांना विचारा, ते हसतील. लॅपटॉपला फ्लॉपीची फटच नाही, घालू कुठे? (सीडीतच ड्रायव्हर मिसळून नवी सीडी करता येते. एनलाइट नावाचा प्रोग्राम ते करतो. पण नेमका ड्रायव्हर शोधण्यात दिवस गेला असता.)

दुसरी युक्ती सोपी वाटली. लॅपटॉप सुरू होताना एफ२ दाबून बायोसमध्ये गेले. तिथे साटा मोड एएचसीआयवर होता, तो आयडीई केला. म्हणजे नव्या डिस्कला सांगितलं, "बाई गं, आजच्या दिवस जुन्या बोलीत बोल." सगळ्याच लॅपटॉपमध्ये ही सोय नसते. यात होती.

पुन्हा सीडी लावली. आता डिस्क दिसली! सी, डी, सगळी यादी. खाली लिहिलेलं : एंटर दाबा म्हणजे इथे बसवतो, डी दाबा म्हणजे हा भाग पुसतो. बोट एंटरवर नेलं आणि पोटात गोळा आला. या डिस्कवर दुसऱ्या कुणाचं काही असलं तर? डी ड्राइव्ह रिकामा आहे हे सांगितलं कुणी? नऊ वर्षांच्या मुलाने! एफ३ दाबून मुकाट्याने बाहेर पडले.

तेवढ्यात त्या मुलाची ताई दारात. "बाई, झालं का? माझा बीएस्सीचा प्रकल्प त्यात आहे. सोमवारी द्यायचाय."

सीडी काढून लॅपटॉप सुरू केला. विंडोजचं चित्र आलं, निळा पडदा चमकून गेला आणि लॅपटॉप आपोआप पुन्हा सुरू झाला. पुन्हा निळा. पुन्हा तेच. "दुसरी प्रत आहे ना गं?" मी विचारलं. तिने मान हलवली. नाही. तिच्या डोळ्यांत पाणी, आणि माझ्या तोंडचं पळालेलं.

पाचव्यांदा निळा पडदा आला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी पुसलं काहीच नव्हतं. फक्त डिस्कची बोली बदलली होती, आणि ती परत करायची राहिली होती! विंडोज ७जवळ दोन्ही दुभाषे असतात. पण बसवताना ज्याची गरज लागते तोच ते सुरुवातीला हाताशी ठेवतं, दुसऱ्याला झोपवून टाकतं. मी नेमकी झोपलेल्याची बोली निवडली होती. बायोसमध्ये जाऊन पुन्हा एएचसीआय केलं. लॅपटॉप सुरू! ताईने प्रकल्प दोन पेनड्राइव्हवर उतरवला, मग पाणी प्यायली. मीही.

एक्सपी त्या डिस्कवर टाकायचं नाही हे आता ठरलंच. दुरुस्तीच्या दुकानातून जुनी ८० जीबीची साटा डिस्क मिळाली. बॅटरी काढली, लॅपटॉप उलटा केला, दोन स्क्रू सोडवले, ताईची डिस्क अलगद सरकवून बाहेर घेतली. तिला कागदात गुंडाळून वर नाव लिहिलं आणि ती तिच्याच हातात दिली. जुनी डिस्क बसवली, बायोसमध्ये आयडीई केलं आणि सीडी लावली. पडद्यावर "सुमारे ३९ मिनिटे बाकी" असं आलं. एक्सपीची ही ३९ मिनिटं तुमच्या काकामामांना नक्की आठवतील. आमची तासभर चालली.

पालकांनो, घरी असं काही करणार असाल तर दोन गोष्टी. एक्सपीची सुरक्षेची कामं मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली, तेव्हा असा कॉम्प्युटर इंटरनेटला जोडू नका. आमचा जोडलेला नाही. आणि नव्या लॅपटॉपवर विंडोज ७ टाकू पाहाल तर हीच गंमत होईल. त्यात एनव्हीएमई नावाचे ड्राइव्ह असतात. त्यांची बोली ठरली २०११मध्ये, विंडोज ७ आलं २००९मध्ये. मूळ डीव्हीडीला तोही ड्राइव्ह दिसत नाही.

आमच्या एक्सपीला अजून आवाज नाही, साउंडचा दुभाषा मिळायचाय. पण सूक्ष्मदर्शक चालतो! मुंगीच्या पायावर केस असतात, मिठाचे खडे चौकोनी असतात, सगळं पाहून झालं. मग एकाने या साप्ताहिकाचं मुखपृष्ठच भिंगाखाली सरकवलं. चित्र गायब! नुसते ठिपके, निळसर, गुलाबी, पिवळे आणि काळे.

"बाई, हिरवा कुठे गेला?" सगळे ओरडले. मुखपृष्ठावर झाड होतं ना! मी म्हटलं, शोधा. निळ्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघा.