स्वामित्व योजना: चुन्याची रेघ आखताना हजर राहा
शेतजमिनीला सातबारा किंवा खतौनी असते. गावठाणातल्या बहुतेक घरांचा मात्र मोजणी नकाशाच नव्हता, त्यामुळे घरावर बँकेचे कर्ज मिळणे कठीण होते. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली. भारतीय सर्वेक्षण विभाग ड्रोनने वस्तीची छायाचित्रे घेतो व त्यांवरून नकाशा तयार होतो. १८ जानेवारी २०२५ रोजी ६५ लाखांहून अधिक मालमत्ता पत्रकांचे वाटप झाले. उत्तर प्रदेशात या पत्रकाला घरौनी म्हणतात.

ड्रोनला छप्पर आणि भिंत दिसते. घर कोणाचे, सामाईक अंगणात कोणाचा किती वाटा, हे दिसत नाही. ते गावातच ठरते. म्हणून लाभार्थ्यांनी हे करावे:

• ड्रोन येण्यापूर्वी हद्दीवर चुन्याची रेघ आखतात, तेव्हा शेजाऱ्यासह हजर राहा.
• कच्च्या नकाशात आपले नाव आणि हद्द तपासा.
• चूक आढळल्यास मुदतीत लेखी हरकत द्या व पोच घ्या.
• कामासाठी परगावी असाल तर घरच्या माणसाला आधीच सांगून ठेवा.

नकाशा अंतिम झाल्यावर दुरुस्तीसाठी जास्त हेलपाटे पडतात.