तिळारीत पाणी किती ते रोज कळते. तळाला कसे आहे ते कधी कळणार?

एप्रिल-मे उजाडला की सीमाभागात धरणांची टक्केवारी सुरू होते. राकसकोप किती फूट उतरले, हिडकलमध्ये किती टीएमसी उरले, तिळारीचा कालवा पुन्हा फुटला तर बार्देश-पेडण्यात किती दिवस नळ कोरडे राहणार. हे आकडे हवेतच. पण ते फक्त पाणी किती हे सांगतात. कसे आहे, हे त्यातून कळत नाही.

उन्हाळ्यात खोल धरणात एक नाही, दोन पाणी असतात. विहिरीत पोहणाऱ्या पोरांना हे शिकवावे लागत नाही: वर कोमट, पाय खाली सोडले की गार. वरचे पाणी तापून हलके होते आणि खालच्या जड पाण्यावर झाकणासारखे बसते. आपल्याकडे हे झाकण फार घट्ट असते. ४ आणि ५ अंशांच्या पाण्याच्या घनतेत जेवढा फरक असतो, त्याच्या तीसपटीहून जास्त फरक २९ आणि ३० अंशांच्या पाण्यात असतो. त्यामुळे वर-खाली दोन-चार अंशांचे अंतर पडले तरी वाऱ्याने पाणी ढवळत नाही.

मग तळाला हवा पोचत नाही. बुडालेला पालापाचोळा, मेलेले शेवाळ तिथे कुजत राहते आणि असलेला प्राणवायू संपवते. तो संपला की जिवाणू आधी नायट्रेटवर जगतात, नंतर गाळातले मँगनीज आणि लोखंड विरघळवून पाण्यात सोडतात. शेवटी सडक्या अंड्याचा वास आणि मिथेन.

तिळारीत हे मोजले गेले आहे. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वसंत-उन्हाळ्यात आणि पावसाळा सरल्यावर या जलाशयात थर पडतात, तर पावसाळ्यात आणि हिवाळ्यात पाणी ढवळून एक होते. थर पडलेले असताना प्राणवायू संपून नायट्रेटचे विघटन होत असल्याच्या खुणा त्यांना सापडल्या. आणि हे धरण काही घाण नव्हे! सह्याद्रीच्या पायथ्याचा हा जलाशय त्या अभ्यासात 'निर्मळ' म्हणूनच गणला आहे. म्हणजे गटार नको, कारखाना नको, ऊन आणि खोली पुरते.

दक्षिण गोव्यात साळावलीच्या पाण्यातल्या मँगनीजची चर्चा झाली, तेव्हा बोट खाणींकडे गेले. ते चूक नाही, पाणलोटात खाणी होत्याच. पण गाळातले मँगनीज पाण्यात उतरते कधी, याचे उत्तर तळाच्या प्राणवायूत आहे. पिण्याच्या पाण्यात मँगनीज लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत असावे, असे भारतीय मानक म्हणते. त्याहून वाढले की जलवाहिनीत काळा थर धरतो, कपड्यांवर डाग पडतात आणि ग्राहक टाकी साफ नसल्याची तक्रार करतो.

तिळारीचा पेच राज्यसीमेचा आहे. धरण दोडामार्गात, महाराष्ट्राच्या ताब्यात. खर्चाचा मोठा वाटा गोव्याचा, आणि पाणी शुद्ध करायचे चांदेल-अस्नोड्याला. दोन्ही राज्यांचे भांडण होते ते पाण्याच्या वाट्यावर, कालव्याच्या दुरुस्तीवर, निधीवर. ते रास्तच. पण धरणाचे पाणी कोणत्या उंचीवरून सोडले, वरच्या थरातले की तळाचे, यावर खालच्या शुद्धीकरणाचे काम ठरते. पाणी दारात आल्यावर वास घेऊन क्लोरीन वाढवणे म्हणजे वरातीमागून घोडे. नदीतल्या माशांना तर तीही सोय नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासेमारीच्या पाण्याला लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, आणि तळाच्या पाण्यात उन्हाळ्यात तो असेलच याची खात्री नाही.

यासाठी नवा लवाद नेमायची गरज नाही. होडी, दोरी आणि तापमान-प्राणवायू मोजणारे उपकरण. आठवड्यातून एकदा, भिंतीजवळ, दर पाच मीटर खोलीवर नोंद घ्यायची आणि ती त्याच दिवशी चांदेल-अस्नोड्याला कळवायची. टक्केवारीच्या पत्रकात दोन ओळी वाढतील, एवढेच. सुरुवात मार्चमध्ये, थर पडायला लागताना व्हायला हवी. कारण जूनचे पहिले मोठे पाऊस जलाशय ढवळतात, तेव्हा तळाचे पाणी वर येते, आणि त्या आठवड्यात शुद्धीकरण केंद्रावरच्या माणसाच्या हातात मागचे तीन महिने हवे असतात.